गाव म्हणजे कोण? नगर हवेलीच्या सामायिक रानाचा प्रश्न

१९६१ च्या ऑगस्टमध्ये के. जी. बदलानी या भारतीय प्रशासन सेवेतील अधिकाऱ्याला एका दिवसापुरते 'पंतप्रधान' व्हावे लागले. दादरा व नगर हवेली हा प्रदेश भारतात विलीन व्हायचा होता आणि करारावर पंडित नेहरूंच्या सहीशेजारी सही करण्यासाठी त्या प्रदेशाचाही कोणी प्रमुख असणे आवश्यक होते. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले तेव्हापासून त्या दिवसापर्यंतची सात वर्षे हा मुलूख ना पोर्तुगालचा होता, ना घटनात्मक अर्थाने भारताचा. कारभार पाहत होती ती 'वरिष्ठ पंचायत'. विलीनीकरणाचा ठराव १२ जून १९६१ रोजी तिनेच एकमताने केला. या मुक्तिलढ्यात आझाद गोमंतक दल आणि युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स यांचे कार्यकर्ते आघाडीवर होते, त्यामुळे गोमंतकीय वाचकाला ही कथा अगदीच परकी नाही. नवी राजवट उभारताना त्या मंडळींना राज्याला देण्यासाठी जे नाव सुचले ते 'पंचायत' हेच होते, ही गोष्ट मात्र फारशी कोणी ध्यानात घेत नाही.

एका पंचायतीने सात वर्षे राज्य चालवले असा दुसरा प्रदेश सहजासहजी सापडायचा नाही. आणि तरीही आपल्या भोवतीचे रान, कुरण, तळे, नदीकाठ यांवर गावसभेचा हक्क किती, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की याच प्रदेशातील गाव विलक्षण दुबळे आढळते. ४९१ चौरस किलोमीटरचा हा मुलूख. त्यातील सुमारे चाळीस टक्के भूभाग वनखात्याच्या दप्तरी जंगल म्हणून नोंदलेला. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी, ढोर कोळी आणि नायकडा या सात जमाती येथे अनुसूचित आहेत. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्येतील त्यांचा वाटा ६२ टक्के होता, २०११ मध्ये तो ५२ टक्क्यांवर आला. म्हणजे आदिवासी येथे अजून बहुसंख्य आहेत, पण निसटते. सिल्वासा, मसाट, राखोली, नरोली या पट्ट्यात कारखाने उभे राहिले, कामगारांच्या वसाहती वाढल्या आणि जमिनीचा भाव चढत गेला. पूर्वेला आणि दक्षिणेला खानवेल, दुधनी, मांदोनीकडच्या डोंगरांत मात्र पाड्यांचे जगणे अजूनही रानाशी बांधलेले आहे. तेथील सामायिक संपत्तीची मालकी नेमकी कोणाची, हा प्रश्न तीन-चार कायद्यांच्या सांध्यात अडकून पडला आहे.

सामायिक संपत्ती म्हणजे काय, हे आधी पाड्याच्या बाजूने पाहिले पाहिजे. कायद्याच्या पुस्तकात 'गौण वनोपज' या दोन शब्दांत जे मावते, ते प्रत्यक्षात वर्षभराचे वेळापत्रक असते. उदाहरण घ्यायचे तर राब. डोंगरउतारावर भात किंवा नागली करणारा शेतकरी रोपवाटिकेची जागा पावसाआधी भाजून घेतो. जमिनीवर शेणाचा थर, त्यावर झाडांचे तोडलेले टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, वरून बारीक मातीचे आच्छादन, आणि मग वाऱ्याचा अंदाज घेऊन लावलेली आग. त्या राखेत पेरलेले बी जोमाने उगवते आणि तणही कमी येते. हा टहाळ येतो कोठून? स्वतःच्या बांधावरच्या दोन-चार झाडांनी भागत नाही. तो रानातूनच आणावा लागतो. कोणत्या झाडाची फांदी छाटायची, कोणते झाड यंदा सोडायचे, कोणत्या कुटुंबाने कोणत्या बाजूच्या रानात जायचे, याची समज पाड्यात असते आणि ती कोठेही लिहिलेली नसते.

हा राब वरवर क्षुल्लक वाटतो. पण शेजारच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इंग्रजांच्या वनखात्याने टहाळ तोडण्यावर निर्बंध आणले तेव्हा इतका असंतोष माजला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला खास वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला, आणि त्या साऱ्या वादात राब हा कळीचा विषय होता. वन अधिकाऱ्याच्या नजरेला तो जंगलाचा नाश दिसत होता. शेतकऱ्याच्या लेखी ते उद्याचे पीक होते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. खरा प्रश्न होता तो टहाळ किती तोडायचा हे ठरवायचे कोणी, हा. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर नगर हवेलीत तो अजून जिथल्या तिथे आहे.

रानाचे इतरही नेम असतात. पावसाळ्यातली पहिली कोवळी रानभाजी देवाला दाखवल्याखेरीज वारली घरांत खाल्ली जात नाही. गावदेवाच्या स्थानाभोवतालची झाडे तोडायची नसतात. वाघदेवाचा लाकडी वा दगडी खांब जेथे उभा असतो तेथे पाड्याची वेस असते. यांना श्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण पहिली भाजी कधी खुडायची हे सामुदायिकपणे ठरवणे म्हणजे कोंब वाढायला दिलेली मुदत असते, आणि वाघदेवाची वेस म्हणजे एका पाड्याच्या रानाची हद्द असते. ही हद्द महसूल खात्याच्या नकाशावर नाही. पुढे आपण ज्या कायद्याकडे येणार आहोत, त्याच्या दृष्टीने मात्र ती पुराव्याच्या मोलाची आहे.

गाव आणि जमीन यांची येथे फारकत कशी झाली, हे समजून घेण्यासाठी अठराव्या शतकात जावे लागते. १७७९ च्या तहानुसार पेशव्यांनी पोर्तुगीजांना बारा हजार रुपयांच्या महसुलाची नेमणूक मान्य केली आणि १७८३ मध्ये त्यापोटी नगर हवेली परगण्यातील गावे लावून दिली. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६० च्या निकालात या कागदपत्रांचा बारकाईने अर्थ लावला. मराठ्यांनी दिला तो महसूल वसुलीचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. पोर्तुगीजांचे स्वामित्व इंग्रजांच्या काळात हळूहळू गृहीत धरले गेले, असे त्याचे सार होते. म्हणजे हा मुलूख परकीय सत्तेच्या दप्तरात शिरला तोच वसुलीची रक्कम म्हणून. गावाच्या रचनेची, तेथील रूढींची नोंद करण्याची गरज कोणाला भासली नाही.

गोव्यात याच सत्तेने वेगळी वाट धरली होती. येथे आल्यावर थोड्याच वर्षांत, १५२६ मध्ये, अफोन्सो मेशिया याने गावकारीच्या रूढी लेखी नोंदवून घेतल्या. महसूल हवा असेल तर गावकाऱ्यांच्या संघटनेशीच बोलावे लागेल हे त्या राज्यकर्त्यांनी ओळखले होते. पुढे कोमुनिदादींच्या संहिता झाल्या; शेवटची १५ एप्रिल १९६१ ची, म्हणजे गोवामुक्तीच्या अवघे आठ महिने आधीची. आजही २२३ कोमुनिदादी कागदोपत्री का होईना अस्तित्वात आहेत. खाजन शेतीचे बांध, मानशी, डोंगरावरची सामायिक जमीन यांची मालक म्हणून गावाची एक संस्था कायद्याला ठाऊक होती.

गावकारीचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. गावकारपण वंशपरंपरेने पुरुषांकडे जाई. झोण घेणारे कोण आणि राबणारे कोण हे जन्मानेच ठरे. गावडा, कुणबी, मुंडकार यांना त्या सभेत स्थान नव्हते. अलीकडे तर कोमुनिदादीच्या जमिनीवरील अतिक्रमणे आणि भूखंडांचे व्यवहार हा वृत्तपत्रांचा नित्याचा मजकूर झाला आहे. पण एक गोष्ट उरतेच: एखाद्या सड्यावर कोणी कुंपण घातले तर 'ही जमीन आमच्या गावाची' असे म्हणत न्यायालयाची पायरी चढणारी एक कायदेशीर व्यक्ती गोव्यात आहे. खानवेलच्या पाड्याला तशी व्यक्तीच नाही.

नगर हवेलीत जमीन सरकारची मानली गेली आणि ती व्यक्तींना निरनिराळ्या अटींवर दिली गेली. १९१९ च्या कृषिविषयक कायद्याने, म्हणजे ओर्गानिझासांव आग्रारियाने, या वाटपाला चौकट दिली. अल्वारा हा शब्द गोव्याच्या वाचकाला शिकवण्याची आवश्यकता नाही. सत्तरी-पेडण्याच्या जमिनींच्या वादात तो वारंवार येतो. नगर हवेलीतही अल्वाराने मोठमोठ्या जमिनी ठराविक मुदतीत लागवडीखाली आणण्याच्या अटीवर देण्यात आल्या. त्यांत गवताळ माळ होते, रानाचे पट्टे होते. पाड्याच्या दृष्टीने ज्या सामायिक जागा होत्या, त्या दप्तरात 'पडीक' ठरल्या आणि कोणाच्या तरी नावे चढल्या.

मुक्तीनंतर हे चित्र बदलायला वेळ लागला. दादरा व नगर हवेली जमीन सुधारणा विनियम १९७१ चा, प्रत्यक्षात आला १ मे १९७४ रोजी. त्याच्या आदल्याच दिवशी, ३० एप्रिल १९७४ रोजी, लागवडीची अट पाळली नाही या कारणावरून जिल्हाधिकाऱ्यांनी अनेक अल्वारा रद्द केले. त्यावरून सुरू झालेला दावा खालच्या न्यायालयांतून मुंबई उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला; शासनाच्या बाजूने शेवटचा निकाल लागला तो २०२५ मध्ये. एका आदेशाच्या वैधतेवर अर्धे शतक गेले! या दीर्घ वादात पक्षकार दोनच होते, अल्वाराधारक आणि सरकार. त्या माळावर गुरे चारणारा पाडा त्यात कोठेच नव्हता. जमीन सुधारणेने कसणाऱ्याला जमीन मिळाली, हे मोठेच काम झाले; त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. मात्र ती मिळाली व्यक्तीला. जे व्यक्तीचे नव्हते ते सरकारचे राहिले, आणि जंगल वनखात्याचे.

मग पंचायत? वरिष्ठ पंचायतीचा काळ संपल्यावर १९६५ मध्ये ग्रामपंचायत विनियम आला. पूर्वीपासून येथे अनेक गावांची मिळून एक 'पटेलाद' असे. पटेलाच्या नावावरून पडलेला हा महसुली घटक. बहात्तर गावांच्या या प्रदेशात प्रदीर्घ काळ अकराच ग्रामपंचायती होत्या, त्या या पटेलादींच्या साच्यावर. पुढे त्यांची संख्या वीसपर्यंत वाढली. तरीही एका पंचायतीत अनेक गावे आणि प्रत्येक गावात दूरदूर पसरलेले पाडे, ही रचना कायम राहिली. डोंगराळ भागात एका टोकाचा पाडा दुसऱ्या टोकाच्या पाड्याच्या रानात कधी पाऊलही टाकत नाही, आणि त्या दोघांची ग्रामसभा मात्र एकच भरते. त्या सभेत रस्ता, दिवा, नळ, घरकुल यांवर चर्चा होते. रानाच्या एखाद्या विशिष्ट तुकड्याबद्दल निर्णय करायला ती सभा बसत नाही, कारण तो तुकडा तेथे जमलेल्या बहुतेकांचा नसतोच.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. दादरा व नगर हवेलीला विधानसभा नाही. लोकसभेत एक खासदार जातो. बाकी कायदे संसद करते किंवा घटनेच्या अनुच्छेद २४० खाली राष्ट्रपतींच्या नावे विनियम निघतात. २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीवशी जोडणी होऊन एकच केंद्रशासित प्रदेश झाला, तरी विधानसभा आली नाही. गोव्याला १९६३ पासून विधानसभा आणि १९८७ पासून राज्याचा दर्जा मिळाला, त्यामुळे आपल्याला ही उणीव चटकन जाणवत नाही. सिल्वासाच्या खेडुताला आपल्याच प्रदेशात निवडून दिलेल्या माणसांची सभा पाहायची असेल, तर ती पंचायत, जिल्हा पंचायत किंवा नगर परिषदच. म्हणून येथे पंचायतीच्या हाती काय आहे आणि काय नाही, याला इतर राज्यांपेक्षा अधिक वजन आहे.

१९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत एकोणतीस विषय मोजून दिले. जमीन सुधारणा, लघुसिंचन, मत्स्यव्यवसाय, सामाजिक वनीकरण, गौण वनोपज हे सारे त्यांत आहे. मात्र ते पंचायतीला 'देता येतील' असे विषय आहेत. दिलेच पाहिजेत असे नव्हे. आदिवासी भागांसाठी हे अपुरे आहे हे ओळखून दिलीपसिंह भुरिया समितीच्या शिफारशींनंतर १९९६ मध्ये पेसा कायदा झाला. त्याने एक मूलभूत पालट केला: गाव म्हणजे पंचायतीचे कार्यालय असलेले ठिकाण नव्हे, रूढी-परंपरेप्रमाणे आपले व्यवहार चालवणारी वस्ती, वस्त्यांचा समूह किंवा पाडा म्हणजे गाव. अशा गावाची ग्रामसभा आपली सामूहिक संपत्ती राखायला सक्षम आहे, गौण वनोपजावर तिची मालकी आहे, भूसंपादनापूर्वी तिच्याशी विचारविनिमय व्हायला हवा.

हा कायदा पाचव्या अनुसूचीखाली जाहीर झालेल्या क्षेत्रांना लागू होतो, आणि दादरा व नगर हवेलीचा कोणताही भाग तसा जाहीर झालेला नाही. परिणाम असा की खानवेलहून निघून महाराष्ट्राची हद्द ओलांडली की कायदा बदलतो. पलीकडे पालघर जिल्ह्यातील तलासरी, डहाणू, जव्हार, मोखाडा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पेसाचे नियम केले आणि पाड्यातील मतदारांनी ठराव करून मागणी केल्यास त्या पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळण्याची वाट त्यात ठेवली. दोन्हीकडे वारलीच राहतात. त्यांच्यात रोटी-बेटी व्यवहार आहे, देव एक आहेत, भिंतीवरची चित्रे एक आहेत. जव्हारकडे दिलेल्या बहिणीच्या पाड्याची सभा कायद्याने ग्रामसभा होऊ शकते. तिच्या भावाच्या पाड्याची सभा मात्र झाडाखाली बसलेली चार माणसे ठरते.

पलीकडे सारे आलबेल आहे असे समजण्याचे कारण नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा ५०८ किलोमीटरचा मार्ग पालघरमधूनही जातो आणि सुमारे चार किलोमीटर दादरा व नगर हवेलीतूनही. पालघरमधील अनेक ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. प्रकल्प थांबला नाही. विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे, हा त्या कायद्यातील जुना पोकळ भाग आहे. तरीसुद्धा त्या ठरावांमुळे मोबदल्याची, पुनर्वसनाची बोलणी करताना समोर एक नोंदलेला शब्द होता. ज्या गावाला ठराव करण्याचा अधिकारच नाही, त्याची नाराजी फक्त अर्ज म्हणून दाखल होते, आणि अर्जांचे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे.

मग नगर हवेलीच्या पाड्याने हात बांधून बसावे काय? नाही, आणि या लेखाचे खरे प्रयोजन येथेच आहे. २००६ चा वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता मर्यादित नाही. तो सिल्वासालाही लागू आहे, काणकोणलाही. या कायद्याचा वैयक्तिक भाग बहुतेकांना माहीत असतो: १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली वनजमीन, जास्तीत जास्त चार हेक्टर, कसणाऱ्या कुटुंबाच्या नावे. देशभर दावे झाले ते मुख्यतः याचेच. सामूहिक हक्कांकडे मात्र दुर्लक्ष झाले. वनोपज गोळा करणे, गुरे चारणे, तळ्या-ओढ्यांतील मासे धरणे हे त्यांत येतेच; पण त्याहून मोठा आहे तो कलम ३(१)(झ) मधला हक्क. गाव जे रान परंपरेने राखत आले, ते राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा. कलम ५ ने त्याच ग्रामसभेला रान, वन्यजीव आणि पाण्याचे स्रोत यांच्या रक्षणाचे अधिकार दिले आहेत. टहाळ किती तोडायचा, कोणी ठरवायचे, या १८८५ च्या प्रश्नाचे भारतीय कायद्याने दिलेले हे पहिले सरळ उत्तर म्हणता येईल.

हे उत्तर प्रत्यक्षात कसे दिसते, ते गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने दाखवले. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०९ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. कागद हाती आला तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना द्यायचा कोणी, यावर वनखात्याशी आणखी दोन वर्षे गेली. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. बांबूच्या विक्रीचे उत्पन्न ग्रामसभेच्या खात्यात जमा होऊ लागले. मेंढ्याची खरी कमाई मात्र त्याआधीच्या दोन दशकांतली आहे. निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने करायचे, आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा, ही शिस्त गावाने कायदा येण्याच्या कितीतरी आधी अंगी बाणवली होती. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे महाराष्ट्रात या प्रयोगाशी कायमची जोडली गेली आहेत. २००९ मध्येच अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जगभरची कुरणे, कालवे, मासेमारीची किनारपट्टी तपासून काढलेला निष्कर्ष याच्याशी जुळतो. हद्द स्पष्ट असेल, नियम वापरणाऱ्यांनीच केले असतील, देखरेख त्यांचीच असेल आणि सरकार त्यांच्या संघटित होण्याच्या हक्कात ढवळाढवळ करत नसेल, तर सामायिक साधन पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

ऑस्ट्रम यांच्या या यादीतील पहिलीच अट नगर हवेलीत अडते. हद्द कोणाची? वनहक्क कायदा 'गाव' या शब्दाची व्याख्या मुख्यतः दोन तऱ्हांनी करतो. अनुसूचित क्षेत्रात पेसातील पाडा-वस्तीचे गाव. त्याबाहेर, पंचायत कायद्यात जे गाव असेल ते. म्हणजे पेसा लागू नसल्याचा तोटा वनहक्क कायद्याच्या दारातूनही आत येतो. पंचायतीच्या पातळीवर वनहक्क समिती बसली तर ती पंधरा-वीस पाड्यांची एक होते, आणि सामूहिक दावा करताना कोणाचे रान कोठे संपते यावरच अडखळते. वैयक्तिक दाव्यात ही अडचण नसते, कारण तेथे एका कुटुंबाचा एक तुकडा असतो. प्रशासनाला तेच सोयीचे, दावेदारालाही तेच निकडीचे. सामूहिक दावा मागे पडतो तो कोणाच्या दुष्टाव्याने पडतो असे नाही. तो मांडणारा कर्ताच ठरलेला नसतो.

२०१२ च्या सुधारित नियमांत यातून वाट आहे, पण तिची फारशी चर्चा होत नाही. नियम २क सांगतो की प्रत्येक पंचायतीने आपल्या हद्दीतील पाडे, वस्त्या, नोंद न झालेल्या वसाहती यांची यादी करावी, आणि ती यादी त्या त्या वस्तीच्या सभेत मंजूर करून घ्यावी. यादीत आलेला पाडा आपली सभा भरवू शकतो. वनहक्क समितीत दहा ते पंधरा सदस्य, त्यांत किमान दोनतृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एकतृतीयांश स्त्रिया. सभेची गणपूर्ती निम्म्यावर आणि उपस्थितांत किमान एकतृतीयांश स्त्रिया. स्त्रियांची ही अट केवळ शोभेची नाही. सरपण, मोहाची फुले, रानभाजी, कंद यांची जागा कोणती आणि हंगाम कोणता हे त्यांनाच अधिक नेमके माहीत असते. गावकारीच्या जुन्या सभेत नेमके हेच ज्ञान दाराबाहेर उभे होते.

जंगल सोडून उरलेल्या सामायिक जागांची, म्हणजे गायरान, तळी, नदीकाठ यांची स्थिती अधिक नाजूक आहे. वनहक्क कायदा तेथे पोहोचत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंह प्रकरणात पंजाबमधील एका गावतळ्यावरील बांधकाम बेकायदा ठरवताना सर्व राज्यांना आणि केंद्रशासित प्रदेशांनाही सामायिक जमिनीवरील अतिक्रमणे हटवण्याची योजना करण्यास सांगितले. 'सर्व केंद्रशासित प्रदेश' यात सिल्वासा आले. पण त्या निकालाचा आधार घ्यायचा तर आधी जागा सामायिक म्हणून नोंदलेली पाहिजे. पाड्याच्या वापरातला माळ दप्तरी नुसता 'सरकारी' असेल, तर तो उद्योगाला, गोदामाला किंवा पर्यटनाच्या प्रकल्पाला देण्यात कायद्याने अतिक्रमण कोणाचेच होत नाही. म्हणून पंचायतीने आपल्या हद्दीतील अशा जागांची सूची ठरावासह नोंदवून ठेवणे हे अतिक्रमणाविरुद्ध ओरडण्याच्या आधीचे काम आहे. जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. ती नोंदवही येथे उपयोगी पडू शकते, ठेकेदाराकडून भरून न घेतली तर.

गोव्याने हे सारे दुरून पाहण्यासारखे नाही. २००३ मध्ये गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, तरी गोव्यातही अनुसूचित क्षेत्र जाहीर झालेले नाही. काणकोण, केपे, सांगे, धारबांदोड्याच्या वाड्यांवर वनहक्काचे दावे रेंगाळतात तेव्हा तेथेही तीच अडचण उभी राहते: पंचायत मोठी, वाडा लहान, आणि रान वाड्याचे. कोमुनिदाद त्यांना कधी आपली वाटली नाही, पंचायतीत ते अल्पसंख्य आहेत. खानवेलच्या वारल्याची आणि गावडोंगरीच्या वेळीपाची गाठ कधी पडली असेल असे नाही. पण दोघांचा अर्ज एकाच कायद्याच्या एकाच कलमाखाली आहे.

सामूहिक दाव्यासाठी सरकारी कागदच हवा अशी सक्ती नाही, हे शेवटी सांगितले पाहिजे. नियम १३ प्रमाणे देवस्थाने, दफनभूमी, जुन्या वाटा, विहिरी या खुणा चालतात. जुने नकाशे आणि वनखात्याची कागदपत्रे चालतात. आणि दावेदारांखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदनही चालते. अधिकारी अमुकच एक पुरावा आणा असा हट्ट धरू शकत नाही. ज्यांनी पोर्तुगीज अमदानीत पोरवयात बापाबरोबर रानात जाऊन राबासाठी टहाळ वाहिला, ते आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. वाघदेवाची वेस कोठून कोठे जाते, कोणत्या ओढ्यापलीकडे दुसऱ्या पाड्याचे रान सुरू होते, मधुबनच्या जलाशयाने दुधनीकडची कोणती कुरणे पोटात घेतली, हे ते बोट दाखवून सांगू शकतात. ते लिहून घ्यायला एक वही, दोन साक्षीदार आणि एक दिवस पुरतो.